न्हाणीवालीचा उखाणा

एम.ए.च्या माझ्या वहीत एक मथळा होता, ‘ग्रीक साहित्यातील धोकादायक स्त्रिया’. सरांनी तो फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, म्हणून मीही मारल्या. त्याखाली पाच बायका होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला पाच ओळी. एकीने नवऱ्याला न्हाणीत मारलं. एकीने पोटची मुलं मारली. एकीने राजाचा हुकूम मोडून मेलेल्या भावाला माती दिली. एकीने घरी आलेल्या खलाशांची डुकरं केली. पाचवी नुसतीच पुढचं खरं खरं सांगत फिरली. तिने जन्मात कुणाला चिमटासुद्धा काढलेला नव्हता, तरी ती यादीत होती. मी वर्गात उठून विचारलं, की या बायकांना इथवर आणणाऱ्या पुरुषांसाठी वेगळा मथळा आहे का. सर म्हणाले, “वो परीक्षा में नहीं आता।” मला तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी झाशीच्या रेल्वे कॉलनीतली. वडील मालगाडीचे गार्ड. कॉलनीतल्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे क्लबच्या, वाचनालयात या गोष्टींचं एक इंग्रजी पुस्तक होतं, पण त्याचं कव्हर आणि पहिली वीसेक पानं केव्हाच गेली होती. ते कुणी लिहिलं हे मला आजही ठाऊक नाही. मी ते घरी आणलं आणि मैत्रिणींना वाचून दाखवायला लागले. त्यातली नावं आमच्या जिभेला पेलेनात. मग आम्हीच नावं ठेवली: न्हाणीवाली, लेकरांची, मातीवाली, डुकरंवाली आणि खरं बोलणारी.

आम्ही तिघी होतो. खरी नावं घालायची नाहीत असं आमचं ठरलं आहे, म्हणून वयाने मोठी तिला थोरली म्हणते आणि लहान तिला धाकटी. थोरली भुसावळची, बी.ए. बी.एड. करून ओरछा गेटजवळच्या एका जुन्या मराठी घरात सून म्हणून आलेली. धाकटी माझ्याच कॉलनीतली, ड्रायव्हरची मुलगी. ती झाशीतच जन्मली, त्यामुळे तिला मराठी सगळं समजायचं पण बोलताना अडली की हिंदीचा आधार घ्यायची. मी मधली, आणि तिघींत तोंडाने सगळ्यात तिखट.

थोरलीच्या सासूबाईंना आम्ही दोघी काकूजी म्हणायचो. पूर्वीच्या काळी कारभारी आणि पुजारी म्हणून इकडे आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. संक्रांतीचा काटेरी हलवा तेव्हा झाशीत विकत मिळत नसे. गावातल्या कुठल्याही मराठी घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने काकूजींच्या घरून जायचे. त्या वर्षी दतिया गेटच्या दोन सुना आणि कॉलनीतली एक, अशा तीन जणींचे दागिने करायचे होते. काकूजींची बोटं सांध्यांत दुखायला लागली होती. म्हणून थंडीतल्या दुपारी थोरलीच्या मदतीला आम्हा दोघींना बोलावणं आलं.

हलवा करणं म्हणजे बसून राहणं. मंद शेगडीवर परात ठेवायची, तिच्यात तीळ टाकायचे, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की आणखी एक चमचा. घाई केली की काटा येत नाही. दिवसभरात तिळाचा जेमतेम साबुदाणा होतो. हात अडकलेले आणि तोंड मोकळं, अशा कामात माणूस गप्प राहूच शकत नाही. काकूजी पलीकडे भिंतीला टेकून डोळे मिटून बसायच्या. आम्ही समजायचो त्यांना डुलकी लागली.

धाकटीच्या घरी तिच्या लग्नाचं बघत होते. सासर महाराष्ट्रातलं मिळालं तर उखाणा घ्यावा लागणार, या भीतीने ती थोरलीकडून उखाणे शिकत होती. साधे उखाणे दोन दिवसांत संपले. तेव्हा आमच्या पाचजणींनी कुठला उखाणा घेतला असता, हा विषय निघाला. मी डुकरंवालीचा केला:

“आले खलाशी दारात, वाढलं ताट भरून,
अमुकरावांचं नाव घेते शेपटीला धरून.”

धाकटी एवढी हसली की परातीतले तीळ उडाले. “पण यार, तिचं तर लग्नच झालं नव्हतं.”

“म्हणून तर तिला जमलं,” मी म्हटलं.

“मला ती विद्या पाहिजे. पहिल्यांदा आमच्या इंजिन शेडचे फोरमन साहेब.”

“ते आधीच झालेत,” थोरली खाली मान घालून म्हणाली. थोरली क्वचित बोलायची, पण बोलली की असं.

मग तिने न्हाणीवालीचा केला. किती साधा, किती गोड. कुठल्याही हळदीकुंकवात खपून गेला असता:

“न्हाणीत काढलं ऊन पाणी, हाती नवा पंचा,
अमुकरावांचं नाव घेते मान राखून सर्वांचा.”

न्हाणीवालीची गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला यात काय दिसणार? लढाईहून परत आलेल्या नवऱ्याला तिने आंघोळीला बसवलं, अंगावर एक लांबलचक वस्त्र टाकून त्यात त्याला गुरफटवलं आणि घाव घातले. पंचा हातात कशाला होता ते आम्हा तिघींनाच माहीत. आम्ही तो उखाणा तीनतीनदा म्हटला आणि तिने नवऱ्याला कसं मारलं ते पुन्हा एकमेकींना रंगवून सांगितलं.

“कुणी मारलं नवऱ्याला?” भिंतीकडून आवाज आला.

काकूजींचे डोळे उघडे होते. थोरलीचा हात परातीत थांबला. धाकटीने क्षणही न दवडता सांगितलं, “आमच्या कॉलनीत होती एक, काकूजी. आता बदली झाली त्यांची.”

“वाटलंच मला. रेल्वेत कुठकुठचे लोक येतात.”

“काकूजी, आम्ही पण रेल्वेचेच हं.”

“म्हणून तर म्हणते,” काकूजी म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसतोय न बसतोय तोच त्यांनी विचारलं, “त्या न्हाणीवालीने का मारलं गं त्याला?” आता आली का पंचाईत. मूळ गोष्टीत राजा होता, जहाजं होती आणि वारा पडल्यामुळे सगळी फौज किनाऱ्यावर अडकली होती. ते सगळं आम्ही जागच्या जागी रेल्वेत आणलं. धाकटी सांगत होती, मी दुरुस्त्या करत होते.

“तिचा नवरा बडा साहेब होता, काकूजी. शंभर गाड्या घेऊन निघाला. पण सिग्नलच पडेना, गाड्या जागच्या हलेनात.”

“मग?”

“मग कुणी सांगितलं, मुलीचा बळी दे, सिग्नल पडेल.”

“दिला?”

“दिला. लग्न ठरवलंय असं सांगून पोरीला बोलावून घेतलं.”

काकूजी सरळ बसल्या. “आणि गाड्या घेऊन गेला?”

“दहा वर्षं लाइनवर राहिला,” मी म्हटलं. “आला तो दुसऱ्या बाईला बरोबर घेऊन.”

काकूजींनी पुढे वाकून परातीत चमचाभर पाक सोडला. “मग बरोबर केलं तिने,” त्या म्हणाल्या. “हलवा गं, बसतोय बघा खाली.”

त्यानंतर रोज एकीची गोष्ट झाली. मातीवालीचं ऐकून त्या म्हणाल्या की राजाला घरात कुणी मोठं माणूस नव्हतं वाटतं समजवायला. लेकरांचीची गोष्ट सुरू झाली तेव्हा थोरली म्हणाली की हिच्यावर उखाणा नको, आणि आम्ही केलाही नाही. त्या बाईने नवऱ्यासाठी बापाशी दगा केला, परक्या गावात आली, आणि त्याने दुसरी बघितल्यावर तिला माहेरही उरलं नव्हतं. “लेकरांनी काय केलं होतं? ही चुकली,” काकूजी म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण जाणार कुठे होती ती?” खरं बोलणारीचं तर त्यांना काही कौतुकच वाटलं नाही. तिचं कुणीच ऐकणार नाही असा तिला शाप होता, असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, “त्याला शाप कशाला लागतो?” हे मी परीक्षेत लिहिलं. गुण कमी पडले.

हे सगळं चालू असतानाच थोरलीची ऑर्डर आली. गुरसरायच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून. बी.एड. झाल्यापासून ती या एका कागदाची वाट बघत होती. संक्रांतीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. गुरसरायला बसने जायला दोनतीन तास. तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, एवढाच मार्ग होता.

थोरलीने नवऱ्याला विचारलं. तो कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब. म्हणाला, “आईला विचार.” तिने सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्याला विचार.” असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काकूजींनी खरं कारण सांगितलं. गुरसरायला मराठ्यांची जहागीर होती तेव्हा यांच्या घराण्याला तिथे पूजेचा मान होता, दारापर्यंत पालखी यायची. त्याच गावात घरची सून हातात डबा घेऊन बसमधून उतरणार, भाड्याच्या खोलीत एकटी राहणार, हे त्यांच्या पचनी पडेना.

मी भडकले. या गावात चौकात घोड्यावर बसलेल्या बाईला सगळे हात जोडतात आणि आपल्या घरातली बाई बसमध्ये बसली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे मी काकूजींना तोंडावर म्हणाले. न्हाणीवालीने नवरा मारला तर ती बरोबर, आणि थोरलीने मुलींना भूगोल शिकवला तर घराण्याची अब्रू जाते, हेही म्हणाले. काकूजी चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “ती लोकाची, ही माझी आहे.” याचाही मला राग आला.

आम्ही निघालो तेव्हा थोरली जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, “ही गेली तर दुसरी येणार नाही. मला माहीत आहे.” तिची बोटं पाकाने पांढरी झाली होती.

हळदीकुंकू शनिवारी दुपारी होतं. हजर व्हायचा सोमवार एका रविवारपलीकडे. शहरातल्या आणि कॉलनीतल्या मिळून पंचवीसेक बायका माजघरात बसल्या होत्या. हलव्याचे दागिने घातलेल्या तीन नव्या सुना मध्ये. वाण म्हणून काकूजी पितळी चमचे देत होत्या. अत्तर झालं, तिळगूळ झाला. तेवढ्यात दतिया गेटच्या एक जाड्या काकू म्हणाल्या, “ऐकलं ते खरं का? तुमच्या सूनबाईंना गुरसरायला नोकरी लागली म्हणे.”

“लागली होती,” काकूजी म्हणाल्या. “नाही म्हणून कळवलं तिने. घरचं सगळं टाकून कुठे जाणार?”

कळवलं नव्हतं. ऑर्डर थोरलीच्या ट्रंकेत साड्यांखाली होती. पण पंचवीस सवाष्णींसमोर बोललेलं म्हणजे कळवल्यातच जमा. सोमवार माजघरातच बुडाला होता. मी उठून काहीतरी बोलणार होते. धाकटीने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. जाड्या काकू खूश झाल्या. “अशी सून मिळायला भाग्य लागतं. घे गं, उखाणा घे. तुझ्यापासूनच सुरुवात करू.”

थोरली उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. तिला पाठ असलेले उखाणे मला माहीत होते. त्यातला कुठला ती घेणार हे मी मनात धरलंही होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि मग सासूकडे वळून, शाळेत कविता म्हणावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाली:

“न्हाणीत काढलं ऊन पाणी, हाती नवा पंचा...”

पुढची ओळही म्हटली. नवऱ्याचं नाव स्पष्ट घेतलं. ‘मान राखून सर्वांचा’ म्हणताना मान वाकवली. बायकांनी वाहवा केली. किती घरंदाज उखाणा, नवऱ्याची केवढी काळजी, असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, “आम्हाला लिहून दे.” आलेल्या सगळ्याजणी कौतुकाने हसत होत्या. धाकटीने तोंडात पदर कोंबला होता. मला हसू येत नव्हतं, कारण त्या माजघरात न्हाणीवाली कोण हे माहीत असलेली आम्हा तिघींखेरीज आणखी एक बाई होती, आणि तिच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच राहिला होता.

थोरली बसली नाही. उभीच राहिली आणि सासूकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती नुसती वाट बघत होती. मी जन्मभर मोठमोठ्याने बोलत आले, पण असं उभं राहणं मला जमलेलं नाही. ते धाडस माझ्यात नाही, तिच्यात होतं.

काकूजींनी करंडा खाली ठेवला. जाड्या काकूंकडे वळून म्हणाल्या, “सोमवारपासून माझ्या लेकाचं आंघोळीचं पाणी मी काढणार आहे.”

“अगं बाई. आणि सूनबाई?”

“तिला सकाळची बस गाठायची आहे. शाळेत हजर व्हायचंय ना.” मग थोरलीकडे न बघता म्हणाल्या, “मघाशी मी चुकीचं बोलले. कळवलेलं नाही. बस आता खाली, बाकीच्यांचे उखाणे राहिलेत.”

एवढंच झालं. जाड्या काकूंना यातलं काय कळलं कोण जाणे. नवऱ्याला कळलं नाही हे मात्र नक्की, कारण संध्याकाळी तो थोरलीला म्हणाला, “बघ, मी म्हटलं होतं ना, आईला विचार.”

सोमवारी सकाळी थंडीत आम्ही दोघी बस अड्ड्यावर गेलो. काकूजी आधीच येऊन उभ्या होत्या, शाल डोक्यावरून घेतलेली. ट्रंक टपावर चढली. त्यांनी थोरलीच्या हातात डबा दिला, वर उरलेल्या हलव्याची पुडी. गुरसरायला कुणी घराणं विचारलं तर नाव सांग, म्हणाल्या, आणि पालखीचं काही काढू नको. थोरली वाकून पाया पडली. खिडकीतून तिने आम्हाला हात केला तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. धाकटी ओरडली, “वहिनी, डुकरं करायची विद्या आली की मला आधी शिकव.” दोनचार प्रवाशांनी वळून पाहिलं.

बस गेली. परत फिरताना काकूजी मला म्हणाल्या, “तुझ्या त्या पुस्तकात एक मोठी चूक आहे.”

मी जागच्या जागी उभी राहिले. “पुस्तकात? तुम्हाला माहीत होतं?”

“सिग्नलसाठी पोरगी कापणारा साहेब झाशीत असता तर मला शेजारणीने सांगितलं नसतं का? मूर्ख समजलात होय मला.” त्या चालतच होत्या. “पण त्या बाईला सासू नाही. एवढ्या गोष्टी सांगितल्यात, एकीलासुद्धा सासू नाही. सासू असती तर पोरगी घराबाहेर जाऊच दिली नसती तिने.”

“आणि सासूनेच जाऊ दिली असती तर?” मी विचारलं. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं.

काकूजींनी शाल घट्ट ओढली. “तर मग पंचा सासूनेच धरला असता,” त्या म्हणाल्या. “चल, पाय उचल. त्याच्या आंघोळीची वेळ झाली.”